नियम बदलले की रेफ्युजी कुटुंबाची सरकारी मदत कशी टिकवायची : अमेरिकेतल्या मराठी व्हॉलंटियरसाठी

सध्या सगळ्यात महागात पडणारं वाक्य कुठलं असेल तर "आता रेफ्युजींना काहीच मिळत नाही". अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त घात करतंय. ४ जुलै २०२५ ला ट्रम्पची सही झाली आणि 'वन बिग ब्यूटिफुल बिल' कायदा आला, त्यात ग्रीन कार्ड नसलेल्या रेफ्युजीचं स्नॅप म्हणजे आपण ज्याला फूड स्टॅम्प म्हणतो ते गेलं, मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा १ ऑक्टोबर २०२६ पासून जाणार, हे खरंय. पण शाळेतलं जेवण गेलेलं नाही, विक (गरोदर बायका आणि लहान पोरांच्या खाण्याची मदत) गेलेलं नाही, टॅनफ (पोरं असलेल्या गरीब घरांना रोख मदत) या कायद्याने काढलेलं नाही, आणि इथे जन्मलेलं पोरगं अमेरिकन नागरिक आहे, त्याचा हक्क आईबापाच्या स्टेटसवर अवलंबून नाही. तरी लोक सगळंच सोडून देतात, एक पत्र आलं की स्नॅपचे पैसे ज्यावर येतात ते ईबीटी कार्ड ड्रॉवरमध्ये आणि पोरांचे फॉर्म कचऱ्यात.

म्हणून मदत करायला गेलात की पहिलं काम हे वेगळं करायचं : कायद्याने काय बंद झालं आणि भीतीने काय बंद झालं. पहिल्याला आपल्याकडे फारसा इलाज नसतो, दुसऱ्याला असतो, आणि बहुतेक वेळा दुसरं खूप मोठं निघतं.

हे मी आपल्या लोकांसाठी लिहितोय कारण आपल्याला हिंदी येते. भूतानी-नेपाळी आमा-बाजेंना, म्हणजे आजी-आजोबांना, हिंदी कळते, बऱ्याच अफगाणांना उर्दू-हिंदी समजते, रोहिंग्यांशीही मोडकंतोडकं जमतं, म्हणून कोलंबस, पिट्सबर्ग, हॅरिसबर्ग असल्या गावांत रिसेटलमेंटवाले, म्हणजे रेफ्युजींना वसवणाऱ्या संस्था, आपल्याला हाक मारतात. पण आपला एक प्रॉब्लेम आहे. आपण बहुतेक एच-वन-बी मधून आलेले, आपल्या डोक्यात "सरकारी मदत घेतली की ग्रीन कार्ड बोंबललं" हे फिट बसलेलं असतं आणि तोच सल्ला आपण बिनधास्त पुढे ढकलतो. तो पब्लिक चार्जचा नियम आहे आणि रेफ्युजी आणि असायली (इथे येऊन आश्रय मिळालेले) यांना कायद्यानेच त्यातून सूट आहे, देशात येतानाही आणि ग्रीन कार्ड घेतानाही. २०१९ ला ट्रम्प सरकारने तो नियम कडक केला तेव्हाही ही सूट होती, तो नियम २०२१ ला गेला, तरी घाबरलेले लोक त्यानंतरही परत आले नाहीत. तेव्हा चहा पिता पिता "भाऊ, घेऊ नका, पुढे त्रास होईल" असं कृपा करून बोलू नका. आपला नियम त्यांना लागत नाही.

आधी कागद बघा, गोष्ट नंतर ऐका

ऐकायला कितीही वाटलं तरी आधी कागद. "आम्ही रेफ्युजी" असं सगळेच म्हणतात पण कायद्याच्या नजरेत हे पाच-सहा वेगळे गट आहेत आणि प्रत्येकाचं नशीब वेगळं. आय-९४ म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा कागद मागा, त्यावर सेक्शन २०७ असं असेल तर तो खरा रेफ्युजी. सेक्शन २०८ असेल तर असायली. वर्क परमिट असेल तर त्यावरचा कोड बघा, ए-०३ रेफ्युजी, ए-०५ असायली. ग्रीन कार्ड आलेलं असेल तर कॅटेगरी बघा, आरई-६ ते आरई-९ म्हणजे रेफ्युजीतून आलेलं. अफगाण कुटुंब असेल तर नीट बघा, कारण अमेरिकन सैन्यासोबत काम केलेल्यांना जो स्पेशल इमिग्रंट व्हिसा मिळतो त्यावर आलेले लोक पहिल्या दिवसापासून ग्रीन कार्डवाले असतात, त्यांचं स्नॅप गेलेलंच नाही, पण शेजाऱ्याचं गेलं म्हणून आमचंही गेलं असं धरून ते गप्प बसतात. उलट २०२१ ला काबूल पडल्यावर पॅरोलवर, म्हणजे तात्पुरत्या परवानगीवर, आलेले अफगाण आणि २०२२ पासूनचे युक्रेनी पॅरोली, यांना तेव्हा खास कायद्याने रेफ्युजीसारख्या सोयी दिल्या होत्या, त्यातलं स्नॅप नवीन कायद्याने गेलं.

नाव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर जुळते का तेही तिथल्या तिथे तपासा. अफगाण, सोमाली, भूतानी लोकांत अर्ध्या घराची जन्मतारीख १ जानेवारी असते कारण नेमकी तारीख कुठे नोंदलेलीच नव्हती, आणि एकच नाव असलेल्याला एफएनयू लागतं, फर्स्ट नेम अननोन (आपल्याकडच्याही एकनावी पासपोर्टवाल्यांनी हे भोगलंय). ऑफिसवाले सेव्ह नावाच्या सरकारी सिस्टीमवर स्टेटस तपासतात, तिथे स्पेलिंग जुळलं नाही की फाइल लटकते आणि घरच्यांना वाटतं आपल्याला नाकारलं.

एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा : प्रत्येक माणसाची कॅटेगरी, देशात आल्याची तारीख, आणि राज्य. पुढचं सगळं या तिनावर चालतं. आणि हो, प्रत्येक माणसाची, कुटुंबाची नाही. एकाच घरात आई रेफ्युजी, बाप ग्रीन कार्डवाला, मोठा पोरगा नागरिक झालेला आणि धाकटी इथेच जन्मलेली असं सर्रास असतं.

स्नॅप गेलं असं पत्र आलं तर

नवीन कायद्याप्रमाणे स्नॅप फक्त नागरिक, ग्रीन कार्डवाले, क्यूबन-हैतियन एंट्रंट (क्यूबा-हैतीहून आलेल्यांची एक खास कॅटेगरी) आणि मायक्रोनेशिया, मार्शल आयलंड, पलाऊ या देशांचे लोक यांनाच. रेफ्युजी ही कॅटेगरीच यादीतून काढली. पण ग्रीन कार्ड आलं की रेफ्युजीला परत लगेच मिळतं, पाच वर्षं थांबायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस स्नॅप चालवणाऱ्या कृषी खात्याने राज्यांना जी सूचना पाठवली तिचा अर्थ असा निघत होता की रेफ्युजी म्हणून आलेला माणूस ग्रीन कार्डनंतरही बाहेरच. वीसेक राज्यांच्या अॅटर्नी जनरलनी नोव्हेंबरमध्ये कोर्टात धाव घेतली आणि डिसेंबरमध्ये खात्याने सुधारित सूचना काढली. पण मधल्या काळात काही ठिकाणी चुकीचं वाचून लोक कापले गेले असू शकतात, तेव्हा ग्रीन कार्ड असलेल्या घराला नकाराचं पत्र आलं असेल तर ते खरं धरू नका, भांडा.

भांडायचं कसं? पत्राची तारीख बघा. फेअर हिअरिंग म्हणजे निर्णयाविरुद्धची सुनावणी मागायला स्नॅपमध्ये ९० दिवस असतात, पण पत्रात दिलेल्या मुदतीच्या आत, जी साधारण १० दिवसांची असते, मागितलंत तर निकाल लागेपर्यंत पैसे चालू राहू शकतात. हरलात तर ते परत करावे लागतात हे घरच्यांना आधी सांगा, नंतर नाही. ज्याची केस खरंच कायद्याने संपली आहे त्याला उगाच हिअरिंगच्या नादाला लावू नका, कर्ज होतं. आणि दुभाषी फुकट मागा, हक्क आहे, दहा वर्षांच्या पोरीला आईचं भाषांतर करायला बसवू नका.

घरातल्या एकाचं गेलं म्हणून सगळ्यांचं जात नाही. अर्ज फक्त पात्र माणसांसाठी करता येतो, आईबाप पात्र नसले तरी नागरिक पोरांसाठी अर्ज करायचा, आईबापाने स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर द्यायची गरज नाही, उत्पन्न मात्र सांगावं लागतं कारण त्याचा काही भाग हिशोबात धरतात. रक्कम कमी होते पण शून्यच होईल असं नाही.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही. स्नॅप चालू असताना पोरांना शाळेत फुकट जेवण आपोआप मंजूर होतं, शाळा आणि स्नॅपवाले परस्पर यादी जुळवतात, पालकांनी कधी फॉर्म बघितलेलाच नसतो. स्नॅप बंद झालं की पुढच्या वर्षी ते आपोआप होणं बंद, आणि आता उत्पन्नाचा फॉर्म हाताने भरायचा असतो. तो कोणी भरत नाही आणि मग जेवणाचं बिल घरी येतं. शाळेत इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत, फॉर्म भरा म्हणजे झालं. (काही शाळांत सगळ्यांनाच फुकट असतं, तिथे प्रश्न नाही.) विकचंही तसंच, गरोदर बाई, बाळंतीण, पाच वर्षांखालची पोरं, स्टेटस विचारत नाहीत, पण स्नॅप किंवा मेडिकेडमुळे उत्पन्नाची अट आपोआप पूर्ण धरलेली असेल तर आता पगाराच्या स्लिपा न्याव्या लागतील.

ग्रीन कार्डवाल्यांनी एवढं बघावं की काम करायची अटही कडक झालीये. ६४ वयापर्यंतचे, आणि घरात १४ वर्षांखालचं मूल नसलेले, यांना महिन्याला ८० तास काम किंवा ट्रेनिंग दाखवावं लागतं, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मिळतं. वेअरहाऊसमध्ये टेम्प एजन्सीतून काम करणाऱ्यांचे तास कधी ४० तर कधी १५, म्हणून पे-स्टब जपून ठेवायला सांगा. आजारी असेल तर डॉक्टरचं पत्र.

ग्रीन कार्डचा अर्ज, पण जपून

सगळ्या कुलुपांची चावी आता ग्रीन कार्ड झाली आहे. रेफ्युजीला देशात येऊन एक वर्ष झालं की आय-४८५ भरायचा, कायद्याने भरायलाच लागतो, आणि रेफ्युजीला त्याची फी नाही. असायलीला आहे. मेडिकलमध्येही रेफ्युजीला सहसा फक्त लसींचाच भाग लागतो, कारण येण्याआधी परदेशात तपासणी झालेली असते, तरी काही डॉक्टर पूर्ण तपासणीचे पैसे लावतात, आधी काउंटीच्या आरोग्य खात्यात विचारा. कार्ड आलं की त्यावरची तारीख देशात आल्याच्या दिवसाची असते, मागची, त्यामुळे नागरिकत्वाची पाच वर्षं आल्यापासूनच मोजतात.

इथे आपण थांबायचं. स्नॅपचा, शाळेचा फॉर्म भरून द्या, पण इमिग्रेशनचा कुठला फॉर्म कधी भरायचा हे सांगणं आपलं काम नाही, ते वकिलाने किंवा जस्टिस डिपार्टमेंटची मान्यता असलेल्या प्रतिनिधीने सांगायचं. आत्ता तर नक्कीच नाही, कारण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये इमिग्रेशन खात्याने २० जानेवारी २०२१ ते २० फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या रेफ्युजींच्या फाइली परत तपासायचं ठरवलं आणि त्यांचे ग्रीन कार्डचे अर्ज थांबवले. बघा म्हणजे काय झालं, एका खात्याने सांगितलं ग्रीन कार्ड आणा मग जेवण, दुसऱ्याने सांगितलं ग्रीन कार्ड थांबवलंय. मला विचाराल तर या सगळ्या बदलांत सगळ्यात वाईट गोष्ट ही, कारण कागदावर दार उघडं आहे पण पायऱ्याच काढून घेतल्यात. अशा कुटुंबाला "अर्ज टाका, मिळेल" अशी खोटी आशा देऊ नका, आधी कायदेशीर सल्ला, तोवर फूड पँट्री, विक, शाळा. जवळ काय आहे ते २११ ला फोन करून विचारता येतं.

नव्याने आलेले आणि चार महिन्यांचं गणित

आता येणारे फारच कमी, २०२६ च्या आर्थिक वर्षाची मर्यादाच ७,५०० आहे, त्याच्या आदल्या वर्षासाठी बायडनने १,२५,००० ठरवली होती. ज्यांना पोरंबाळं नाहीत त्यांना टॅनफ मिळत नाही, त्यांच्यासाठी रेफ्युजी कॅश असिस्टन्स असतं. १९८० च्या रेफ्युजी अॅक्टनंतर ते ३६ महिने मिळायचं, १९८२ ला १८ झालं, मग १२, १९९१ ला ८, बायडनच्या काळात परत १२, आणि ५ मे २०२५ नंतर पात्र होणाऱ्यांना फक्त ४. चार महिन्यांत भाषा शिकून नोकरी लागून भाडं सुटणं हे आपल्यातल्या इंजिनियरलाही जमलं नसतं. तेव्हा एकट्या माणसाला भेटलात तर पहिल्या आठवड्यातच संपायची तारीख कॅलेंडरवर घाला आणि कामाचं बघा, इंग्लिशचा क्लास संध्याकाळचा शोधा.

म्हातारी माणसं : सात वर्षांचं घड्याळ

हा भाग २०२५ चा नाही, जुना आहे, आणि त्यामुळेच विसरला जातो. १९९६ च्या ऑगस्टमध्ये क्लिंटनने वेल्फेअर रिफॉर्मवर सही केली तेव्हा रेफ्युजींचं एसएसआय पाच वर्षांपुरतं केलं, १९९७ ला ते सात झालं आणि आजही सातच आहे. एसएसआय म्हणजे ६५ वरच्या किंवा अपंग गरिबांना महिन्याचे पैसे, २०२६ ला एकट्याला केंद्राकडून कमाल ९९४ डॉलर. सात वर्षांत नागरिक झाला नाहीत तर बंद, मग तुम्ही ८२ चे असा नाहीतर आंधळे असा. घरातलं भाडं बऱ्याचदा त्या म्हाताऱ्याच्या एसएसआयवर चाललेलं असतं.

नागरिकत्वाचा एन-४०० पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी टाकता येतो, म्हणजे हातात सव्वादोन वर्षं. भरपूर वाटतात, नसतात. वय झालं म्हणून इंग्लिशची सूट मिळते पण तिला ग्रीन कार्डवर १५ किंवा २० वर्षं लागतात, म्हणजे सात वर्षांच्या घड्याळाला तिचा उपयोग शून्य. मग उरतो एन-६४८, डॉक्टरने लिहून द्यायचा की या माणसाला आजारामुळे शिकता येत नाही. नुसतं "वय झालं, निरक्षर आहे" असं लिहिलं की नाकारतात, स्मृती जाणं, जुना मानसिक आघात, स्ट्रोक, आणि त्याचा शिकण्यावर नेमका परिणाम काय हे जोडून लिहावं लागतं. आपल्यात डॉक्टर ढिगाने आहेत, वर्षातून चार-पाच असे फॉर्म मन लावून भरलेत तरी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमापेक्षा जास्त उपकार होतील. फी माफीसाठी आय-९१२ या फॉर्मबद्दल वकिलाला विचारा.

आमा येऊन किती वर्षं झाली हे पहिल्याच भेटीत विचारा. साडेचार म्हणाली तर आजच कामाला लागा. साडेसहा म्हणाली तर उद्या वकील.

मेडिकेड जायच्या आधी

१ ऑक्टोबर २०२६ पासून ग्रीन कार्ड नसलेल्या रेफ्युजीला केंद्राच्या पैशातलं मेडिकेड नाही. मुलं आणि गरोदर बायकांना बऱ्याच राज्यांनी जो वेगळा पर्याय घेतलाय तो चालू राहतो, म्हणून पोरांचं रिन्यूअल चुकवू नका. काही राज्यं स्वतःच्या पैशातून काही करतात, ते राज्याराज्यावर. इमर्जन्सी मेडिकेड राहतं, म्हणजे बाळंतपण, हार्ट अटॅक असलं, पण रोजची शुगरची गोळी त्यात बसत नाही. मार्केटप्लेसची, म्हणजे स्वतः विकत घ्यायच्या आरोग्य विम्याची, सबसिडी रेफ्युजींना १ जानेवारी २०२७ पासून बंद, आणि उत्पन्न गरिबीरेषेखाली असेल तर ती २०२६ पासूनच मिळत नाही, त्यामुळे तो आधार धरू नका. ग्रीन कार्ड नसताना मेडिकेअर (मुख्यतः ६५ वरच्यांचा सरकारी विमा) असलेल्यांचंही जानेवारी २०२७ च्या सुरुवातीपर्यंत संपतं.

म्हणून सप्टेंबरच्या आत दात, डोळे, राहिलेल्या तपासण्या, लसी, ९० दिवसांची औषधं, सगळं उरकून घ्या, आणि जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर, जिथे उत्पन्नाप्रमाणे फी लागते, तिथे आधीच नाव नोंदवून ठेवा. ऑक्टोबरमध्ये सगळेच तिथे धावणार.

आकडे वाचताना

दोन वर्षांनी बातमी येईल की रेफ्युजींचा सरकारी मदतीचा वापर घटला, आणि कोणीतरी ग्रुपवर टाकेल "बघा, गरजच नव्हती". तेव्हा १९९६ आठवा. त्या कायद्यात रेफ्युजींना पहिली पाच वर्षं सूट होती, म्हणजे बहुतेक दारं उघडी होती. तरी अर्बन इन्स्टिट्यूटच्या मायकेल फिक्स आणि जेफ्री पॅसेल यांनी १९९४ ते १९९७ चे आकडे तपासले तर नागरिक नसलेल्या कुटुंबांत वापर ३५ टक्क्यांनी घसरला होता, नागरिकांत १४ टक्क्यांनी, आणि सूट असलेल्या रेफ्युजींत साधारण ३३ टक्क्यांनी. सगळं भीतीमुळेच असं नाही म्हणता येणार, तेव्हा नोकऱ्याही वाढत होत्या, बरेच जण नागरिक होऊन आकड्यातून बाहेर गेले, हार्वर्डच्या जॉर्ज बोर्हासने तर सांगितलं की घसरण मुख्यतः कॅलिफोर्नियातली आहे. पण पात्र माणूस दारापर्यंतच गेला नाही हे त्यात आहेच, आणि यावेळी सूटही नाही.

बाकी छोट्या पण फाइल बुडवणाऱ्या गोष्टी. घर बदललं की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता बदलल्याचा फॉर्म एआर-११ आणि त्याशिवाय स्नॅप-मेडिकेडच्या ऑफिसला वेगळं कळवायचं, एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल असं धरू नका, बऱ्याच केसेस जुन्या पत्त्यावर गेलेल्या रिन्यूअलच्या पत्रामुळेच बंद होतात. कागद दिला की शिक्का मारलेली कॉपी घ्या, ऑनलाइन टाकला तर स्क्रीनशॉट काढून घरच्यांच्याच फोनमध्ये ठेवा, तुमच्या नको. ग्रीन कार्ड आलं की त्याच आठवड्यात स्नॅपचा नवीन अर्ज, आपोआप कोणी चालू करून देत नाही. आणि भाड्याच्या घराची, लाइटच्या बिलाची रिसीट मागतील, ती मोठ्या पोराच्या नावावर असते, तर त्याच्याकडून आधीच एका ओळीचं सहीचं पत्र लिहून घ्या की आईबाप इथेच राहतात आणि बिलात एवढे पैसे देतात.